तापमानाच्या तीन मोजपट्ट्या

घरातील आजाऱ्याला १०२ अंश ताप असल्याचे सांगितले जाते आणि त्याच दिवशीच्या वृत्तपत्रात चंद्रपूरचे तापमान ४५ अंश म्हणून छापलेले असते. पहिला आकडा फॅरनहाइटचा, दुसरा सेल्सिअसचा. सवयीमुळे येथे गल्लत होत नाही. लसीच्या साठवणीत मात्र ती महाग पडते. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावयाच्या असतात आणि धनुर्वातासारख्या काही लशी गोठल्यास निकामी होतात. फॅरनहाइटच्या तापमापकावरील ३२ हा आकडा उष्ण वाटला, तरी तो पाण्याचा गोठणबिंदू होय.

पाणी गोठण्यापासून उकळण्यापर्यंतच्या अंतराचे सेल्सिअस पद्धतीत १०० आणि फॅरनहाइट पद्धतीत १८० भाग होतात. त्यामुळे सेल्सिअसच्या आकड्याला १.८ ने गुणून त्यात ३२ मिळवावेत. लसीची मर्यादा अशा रीतीने ३५.६ ते ४६.४ अंश फॅरनहाइट येते. उलट जाताना आधी ३२ वजा करावेत, मग १.८ ने भागावे; १०२ अंशांचा ताप म्हणजे सुमारे ३८.९ अंश सेल्सिअस. हा क्रम उलटला तर उत्तर २४.७ येते, आणि ताप आलेला रुग्ण एवढा थंड असूच शकत नाही!

याहून फसवी चूक तापमानातील फरकाच्या बाबतीत घडते. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असून सरासरीहून निदान ४.५ अंशांनी अधिक असेल, तर भारतीय हवामानशास्त्र विभाग ती उष्णतेची लाट मानतो. येथे ४० अंश म्हणजे १०४ अंश फॅरनहाइट, परंतु ४.५ अंशांचा फरक म्हणजे केवळ ८.१. फरकात दोन्ही बाजूंचे ३२ परस्पर वजा होतात, म्हणून ते मिळवावयाचे नसतात. मिळविल्यास ४०.१ अंशांची अशक्य वाढ पदरी पडते.

केल्विन मोजपट्टीचा प्रारंभ निरपेक्ष शून्यापासून होतो. सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळविले की केल्विनचा आकडा मिळतो. त्यापुढे 'अंश' हा शब्द लावीत नाहीत. फरक मात्र दोहोंत सारखाच राहतो. 'दुप्पट', 'दहा टक्के' असे प्रमाण काढावयाचे तर हीच मोजपट्टी उपयोगी पडते. बंद टाकीतील हवा २७ वरून ५७ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर आकडा दुपटीहून अधिक झालेला दिसतो. केल्विनमध्ये तो ३००.१५ वरून ३३०.१५ होतो, आणि टाकीतील दाबही सुमारे दहा टक्केच वाढतो.