मुदतीची प्रमाणपत्रे: आयटी क्षेत्रातील नूतनीकरणाचा हिशेब

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील कुटुंबांचा संगणकाच्या प्रमाणपत्राशी पहिला परिचय बहुधा एमएस-सीआयटीमुळे झाला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम अनेक शासकीय पदांसाठी संगणक अर्हता म्हणून मान्य झाला, आणि परीक्षा एकदा उत्तीर्ण झाली की प्रमाणपत्र फाइलमध्ये जपून ठेवावे व अर्ज भरताना त्याची छायाप्रत जोडावी, ही रीत घरोघरी रुळली. परभणी जिल्ह्यात गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावासारख्या गावातून मुलगा किंवा मुलगी जेव्हा नेटवर्किंग, क्लाउड अथवा सायबर सुरक्षेच्या वाटेला लागते, तेव्हा पालकांच्या मनात प्रमाणपत्राची हीच कल्पना असते. या क्षेत्रातील व्यावसायिक प्रमाणपत्रे मात्र ठरावीक मुदतीची असतात, आणि ही मुदत विचारात न घेता भरलेले शुल्क पुष्कळदा वाया जाते.

व्यावसायिक प्रमाणपत्र म्हणजे उपकरण किंवा सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपनीने, अथवा एखाद्या उद्योगसंस्थेने, ते तंत्र हाताळण्याची क्षमता स्वतःच्या परीक्षेद्वारे तपासून दिलेली पावती होय. विद्यापीठाची पदवी विषयाच्या पायाविषयी बोलते, तर हे प्रमाणपत्र आज वापरात असलेल्या विशिष्ट साधनाविषयी बोलते. साधन बदलले की त्याविषयीची साक्षही जुनी होते. संगणक दुरुस्ती, नेटवर्क आणि सुरक्षा या विषयांतील कॉम्पटिआ संस्थेची ए-प्लस, नेटवर्क-प्लस आणि सिक्युरिटी-प्लस ही प्रमाणपत्रे एके काळी आजीव होती. १ जानेवारी २०११ पासून नव्याने मिळणाऱ्या प्रमाणपत्रांना ३ वर्षांची मुदत लागू झाली. सिस्कोचे नेटवर्किंगविषयक सीसीएनए, ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसची प्रमाणपत्रे आणि रेड हॅटचे आरएचसीई यांचीही मुदत ३ वर्षे आहे. गूगल क्लाउडच्या प्रोफेशनल स्तराला २ वर्षे मिळतात. कुबरनेटीस या क्लाउड व्यवस्थेचे सीकेए हे प्रमाणपत्र पूर्वी ३ वर्षांसाठी असे, १ एप्रिल २०२४ पासून ते २ वर्षांवर आले. मायक्रोसॉफ्टची बहुतेक भूमिकाधारित प्रमाणपत्रे, म्हणजे क्लाउड प्रशासक किंवा सुरक्षा अभियंता अशा कामाच्या भूमिकेनुसार दिलेली प्रमाणपत्रे, वर्षभरच टिकतात. त्याच कंपनीची फंडामेंटल्स ही प्राथमिक प्रमाणपत्रे मात्र कालबाह्य होत नाहीत.

शेतकरी कुटुंबाला हा व्यवहार अपरिचित नाही. पीककर्ज मुदतीत भरून नवे-जुने केले तर व्याजाची सवलत टिकते आणि तारीख चुकली की ती जाते, तसेच या प्रमाणपत्रांचे आहे. मायक्रोसॉफ्टचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत घरबसल्या, ऑनलाइन आणि विनाशुल्क करता येते. ती संधी दवडली तर मूळ परीक्षा पूर्ण शुल्क भरून पुन्हा द्यावी लागते. सीसीएनए टिकवण्यासाठी ३ वर्षांत एक पात्र परीक्षा द्यावी किंवा मान्यताप्राप्त प्रशिक्षणातून ३० श्रेयांक जमवावेत, अशी सोय आहे. वरच्या स्तराची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास खालच्या स्तराचे प्रमाणपत्र आपोआप नवे होते, हा नियम सिस्कोकडे आहे आणि ॲमेझॉनच्या बहुतेक शाखांतही आहे. त्यामुळे जो विद्यार्थी पुढची पायरी योग्य वेळी चढतो, त्याला मागच्या पायरीसाठी वेगळा खर्च सहसा करावा लागत नाही.

मुदतीपेक्षा अधिक गोंधळ उडतो तो कंपनी आपली संपूर्ण परीक्षापद्धती बदलते तेव्हा. २४ फेब्रुवारी २०२० रोजी सिस्कोने सीसीएनएच्या राउटिंग, सुरक्षा, वायरलेस इत्यादी वेगवेगळ्या शाखा बंद करून २००-३०१ ही एकच परीक्षा सुरू केली. ज्यांच्याकडे त्या दिवशी कोणतेही वैध सीसीएनए होते, त्यांना नवे सीसीएनए मिळाले. परंतु जुन्या पद्धतीत दोन टप्प्यांपैकी पहिलाच टप्पा पार केलेल्या विद्यार्थ्यांचा तो टप्पा नव्या प्रमाणपत्रासाठी मोजला गेला नाही. मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ रोजी एमसीएसए आणि एमसीएसई या दीर्घकाळ नावाजलेल्या प्रमाणपत्रांच्या परीक्षा बंद केल्या, तेव्हा तीनपैकी दोन परीक्षा झालेल्यांवर हीच वेळ आली. या दोन्ही घटनांचा बोध एकच आहे: बदलाची सर्वाधिक झळ अर्ध्या वाटेवरच्याला बसते. म्हणून एका आवृत्तीचा अभ्यास सुरू केला की ती आवृत्ती चालू असतानाच परीक्षा पूर्ण करावी, आणि एकाच वेळी तीन प्रमाणपत्रांना हात घालू नये. काही वेळा नाव तेच राहते आणि आशय बदलतो, याचेही भान हवे. रेड हॅटच्या आरएचसीईमध्ये त्या कंपनीच्या लिनक्सची आठवी आवृत्ती आल्यानंतर अनेक यंत्रांची कामे आज्ञावलीने एकत्र करवून घेणाऱ्या ॲन्सिबल या साधनावर भर आला, त्यामुळे आधीच्या आवृत्तीची पुस्तके त्या परीक्षेला पुरेशी राहिली नाहीत.

पालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय परीक्षेच्या वेळेचा आहे. तीन वर्षांच्या पदवीच्या पहिल्या वर्षी सीसीएनए मिळवले, तर विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीला बसतो त्याच सुमारास ते संपत आलेले असते; तेच अंतिम वर्षात मिळवले, तर पहिल्या नोकरीची सुरुवातीची वर्षे त्याच्या आधारावर जातात आणि नूतनीकरणाचा खर्च स्वतःच्या पगारातून, कित्येकदा कंपनीकडूनही, भागतो. या परीक्षेचे शुल्क ३०० अमेरिकी डॉलर अधिक कर इतके आहे. सोयाबीन-कापसाच्या हंगामावर वर्षाचा हिशेब बसवणाऱ्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. पहिली दोन वर्षे शिकण्यासाठी द्यावीत, आणि शिकणे स्वस्तात होऊ शकते: सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीचे अनेक प्राथमिक अभ्यासक्रम व मायक्रोसॉफ्ट लर्नचे धडे विनाशुल्क आहेत, एनपीटीईएल आणि स्वयम् यांवरील व्याख्याने खुली आहेत, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही उपलब्ध आहेत.

शिकवणी वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. अभ्यासक्रम कोणत्या क्रमांकाच्या परीक्षेसाठी आहे, ती परीक्षा बंद होण्याची तारीख जाहीर झाली आहे काय, प्रमाणपत्र कंपनीचे मिळणार की केवळ त्या वर्गाचे, आणि परीक्षेचे शुल्क सांगितलेल्या रकमेत धरले आहे काय, यांची उत्तरे मिळाल्यावर ती कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळून पाहावीत. फुटलेले प्रश्न पाठ करून घेणाऱ्या वर्गांपासून दूर राहणेच हिताचे. असा गैरप्रकार उघड झाल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते व पुढील परीक्षांवर बंदी येऊ शकते, आणि मुलाखतीत प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची वेळ आली की पाठांतर उघडे पडते.

गावातून परीक्षा देणाऱ्यांनी काही व्यावहारिक बाबी आधीच तपासाव्यात. घरून दिल्या जाणाऱ्या परीक्षेत कॅमेऱ्याद्वारे परीक्षार्थीवर लक्ष ठेवले जाते आणि जोडणी तुटल्यास परीक्षा खंडित होण्याचा धोका असतो. वीज व इंटरनेट यांचा भरवसा नसेल तर शहरातील केंद्र निवडणे शहाणपणाचे. नोंदणीतील नाव आणि ओळखपत्रावरील नाव तंतोतंत जुळावे लागते, त्यामुळे वडिलांचे नाव व आडनाव यांचा क्रम दोन्हीकडे सारखा असावा. खाते नेहमी स्वतःच्या वैयक्तिक ईमेलवर उघडावे. महाविद्यालय किंवा कंपनी सुटली की तेथील ईमेल बंद होतो, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद पत्त्यावरच जात राहतात.

प्रत्येक प्रमाणपत्र आयुष्यभर जिवंत ठेवणे आवश्यक नाही. ज्या कामाशी आता संबंध उरला नाही, त्याचे प्रमाणपत्र संपू द्यावे. जे रोजच्या कामाला आधार देते, तेवढेच टिकवावे. पदवी, नेटवर्क व ऑपरेटिंग सिस्टीमची मूलतत्त्वे आणि हाताने केलेला सराव ही कायमची पुंजी आहे, आणि कंपनीने नावे व नियम बदलले तरी तिच्या जोरावर नवी परीक्षा देता येते. पालकांनी पाल्याला किती प्रमाणपत्रे मिळाली हे विचारण्याऐवजी हातातले एक कोणत्या तारखेला संपते आणि ते कसे नवे करायचे हे विचारावे, आणि विद्यार्थ्याने ती तारीख परीक्षा उत्तीर्ण झाल्याच्या दिवशीच नोंदवून ठेवावी.