रात्रभर आकडे कोण लिहिणार?

समजा, तुम्ही आर्डुइनो बोर्डाला तापमान मोजणारा सेन्सर जोडलाय. बोर्ड यूएसबी केबलमधून दर मिनिटाला एक आकडा कॉम्प्युटरला पाठवतो. पण रात्रभर जागून ते वहीत कोण उतरवणार? हे काम 'पुटी' या मोफत प्रोग्रामला सांगू या.

आधी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बोर्डाचा पोर्ट बघा. तो कॉम३ असेल, तर पुटीमध्ये 'सिरियल' निवडून कॉम३ लिहा. स्पीड मात्र बोर्डाच्या प्रोग्राममध्ये आहे तेवढाच हवा, बरं का! बोर्ड ११५२०० ने बोलतोय आणि पुटी ९६०० ने ऐकतोय, असं झालं की आकड्यांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. मग आपण उगाच केबलला दोष देतो! आर्डुइनोचा सिरियल मॉनिटर उघडा असेल तर तोही बंद करा. एका वेळी एकच प्रोग्राम पोर्ट वापरू शकतो.

लगेच 'ओपन' दाबू नका. डावीकडे 'लॉगिंग' आहे. तिथे 'प्रिंटेबल आउटपुट' निवडा, फाइलला नाव द्या. त्या नावाची फाइल आधीच असेल तर काय करायचं, तेही तिथेच ठरवायचं असतं. 'ओव्हरराइट' निवडलंत तर कालची सगळी नोंद पुसली जाईल. म्हणून 'अपेंड' निवडा. आजचे आकडे कालच्या खाली येतील. आता 'ओपन' दाबा. आणि हो, लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करायला विसरू नका!

सांगा पाहू: पडद्यावर विचित्र चिन्हं दिसली, तर आधी काय तपासाल?