कारळ्याचे बी आणि अमरवेल

नेरूळ व आसपासच्या गावांच्या भातजमिनींवर 1970 सालानंतर सिडकोने नगर वसविले. तेथील वाचकांस कारळे ठाऊक असते ते बहुधा भाकरीबरोबरच्या काळ्या चटणीपुरतेच. ते पीक उभे पाहावयाचे असल्यास भाद्रपद-आश्विनात इगतपुरी, सुरगाणा, जव्हार अथवा मोखाडा या डोंगराळ भागांकडे जावे. उतारच्या उतार पिवळे झालेले दिसतात. दुरून पाहणारास ती रानातील सोनकीच वाटते. आणि हा भास अगदी निराधार नाही, कारण सोनकी, झेंडू, सूर्यफूल, करडई व कारळे ही सर्व एकाच कुळातील होत. कारळ्यास कोणी खुरासणीही म्हणतात. त्याचे मूळस्थान इथिओपिया, म्हणजे पूर्वीचे अबिसिनिया. तेथे त्याचे रानटी भाऊबंद अद्यापि शेतांत तणाप्रमाणे उगवतात.

जेथे दुसरे पीक धड येत नाही अशा हलक्या वरकस जमिनीत कारळे येते. गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून कित्येक शेतकरी नाचणीच्या शेताच्या कडेने ते पेरतात. पेरणी जुलैच्या सुमारास करितात. हजार बियांचे वजन अवघे तीन ते पाच ग्रॅम भरते. यास्तव एकरी दोन किलो बी पुरे होते, व ते सारखे पडावे म्हणून वाळूत मिसळावे. बियांत शेकडा तीस ते चाळीस भाग तेल असते आणि पेंड दुभत्या जनावरांस उपयोगी पडते.

आता फुलाविषयी. ज्यास आपण एक फूल म्हणतो तो वस्तुतः लहान लहान फुलांचा झुबका असतो. परंतु कारळ्यास स्वतःच्या झाडाचा पराग चालत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग आला तरच दाणा भरतो, आणि तो आणण्याचे काम मुख्यतः मधमाशा करितात. ऐन फुलोऱ्यात औषध फवारणे अथवा बांधावरील मोहोळ धूर करून उठविणे म्हणजे आपलेच खळे रिकामे करणे होय. शक्य असेल त्याने सातेरी माशांच्या पेट्या शेताजवळ ठेवाव्या; मधही मिळतो.

तथापि या पिकाचा खरा वैरी अमरवेल. तीस जमिनीत मूळ नाही, पाने नाहीत. पिवळ्या दोऱ्याप्रमाणे ती कारळ्यास विळखा घालून त्याचा रस शोषिते. ती शेतात येते ती बहुधा आपल्याच हाताने, पेरावयाच्या बियांतून. एकदा तिचे बी मातीत पडले म्हणजे दहा वर्षे व अधिकही ते जिवंत राहू शकते. अमेरिकेत कारळे पक्ष्यांचे खाद्य म्हणून जाते. याच भयास्तव ते सुमारे 120 अंश सेल्सियस उष्णतेत पंधरा मिनिटे ठेवल्यावाचून तो देश ते आत घेत नाही. आपणांस पेरणीचे बी भाजता येत नाही. तेव्हा ते चाळले पाहिजे. अमरवेलीचे बी वाटोळे व बारीक, कारळ्याचे लांबट व चकचकीत काळे. बारीक चाळणीतून पहिले खाली पडते. खाली पडलेले उकिरड्यावर न टाकता जाळावे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या इगतपुरी केंद्रातून सुधारलेली वाणे निघाली आहेत. तशा खात्रीच्या ठिकाणचे बी घेणे उत्तम. बाजारात तेलासाठी विकावयास आलेले पोते पेरणीस घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो.

इतके करूनही शेतात पिवळा दोरा दिसलाच, तर थांबू नये. निदणाच्या दाखल्यातील धन्याने कापणीपर्यंत दोन्ही वाढू दिली, कारण निदण उपटताना गहू उपटला जाण्याची भीती होती. येथे ती चार झाडे गमवावीच लागतात: अमरवेलीस फूल येण्यापूर्वी ती ज्या झाडांवर चढली असेल त्यांसह उपटून जाळावी. दोऱ्याचा तुकडा झाडावर राहिला तर तो पुन्हा वाढतो. ज्या शेतात ती फार पसरली असेल तेथे पुढील कित्येक वर्षे नाचणी, वरी किंवा भात घ्यावा. या गवतवर्गीय पिकांवर ही वेल जगत नाही.