सतरा नंबरचं पुस्तक

2003 साली गोंदियाहून रायपूरला इंजिनियरिंगसाठी गेलो. गाडीने अडीच-तीन तासांचा रस्ता. डोंगरगडला बमलेश्वरीचा डोंगर दिसला की आई बसल्या जागी हात जोडायची. त्या दिवशी तिने माझेही जोडून घेतले. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या गोष्टीत माझाही हात आहे. होस्टेलला सभासद-वर्गणी नव्हती की लेखी घटना. तरी तिथला सभासद व्हावं लागायचं, आणि कसं व्हायचं ते पहिल्याच संध्याकाळी कळलं.

1. नाव सांगायला शिकावं लागतं.

आपलं नाव आपल्याला येतं असं वाटतं. तिथे ते येत नव्हतं. मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, हात बाजूला, आणि मग ठरलेल्या क्रमाने नाव, वडिलांचं नाव, ब्रँच, गाव, रोल नंबर. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्याला 'इंट्रो' म्हणत. फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला तेल, कमरेला पट्टा नाही. माझा रोल नंबर सतरा, म्हणून फ्रेशर पार्टीपर्यंत मी 'सत्रह' होतो. गंमत म्हणजे आजही जुन्या मित्रांचा फोन आला की ते सत्रहच म्हणतात आणि मला राग येत नाही. कधीतरी यायला हवा होता.

2. नोटीस लागली म्हणजे ती वाचली गेली असं नाही.

मी गेलो तेव्हा रॅगिंगविरोधी कायदे नव्हते, असं कुणी समजू नये. महाराष्ट्राने 1999 मध्येच कायदा केला होता. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाचे आदेश आले, त्याच वर्षी नव्या छत्तीसगड राज्यानेही आपला कायदा केला. नोटीस मेसच्या दाराशी चिकटवलेली होती. रात्री साडेदहाला आम्हाला रांगेत उभं करायचे ते तिच्याच समोर, कारण ट्यूबलाइट तिथेच होती. पुढे 2009 मध्ये हिमाचलातल्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा मुलगा रॅगिंगमध्ये जिवानिशी गेला, तेव्हा यूजीसीचे कडक नियम आले. आता प्रवेशाच्या वेळी मुलाकडून आणि पालकांकडूनही शपथपत्र घेतात. आमच्या वेळी वडिलांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "जेवण कसं हाय?"

3. चहाचे पैसे ज्युनियरने द्यायचे नसतात.

हा नियम मात्र मला आजही खरा वाटतो. टपरीवर सीनियर असेल आणि ज्युनियरचा हात खिशाकडे गेला, तर तो अपमान समजत. महिनाअखेरीला खिशात दहा रुपये उरलेला सीनियरसुद्धा आठ रुपयांचा पोहा-जलेबी आम्हाला खाऊ घालून स्वतः "भूख नहीं है" म्हणायचा.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे रोल नंबरचं नातं. माझ्या ब्रँचमधला वरच्या वर्षीचा सतरा नंबर हा माझा सीनियर, त्याच्या वरचा सतरा हा त्याचा. ड्राफ्टर, एप्रन, नोट्स आणि एन. डी. भटांचं इंजिनियरिंग ड्रॉइंगचं जाडजूड पुस्तक याच वाटेने खाली येई. पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकाखाली एक नावं होती, प्रत्येकाचं अक्षर वेगळं, शाई वेगळी, पुढे वर्ष. ते पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला घर सोडल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. पाचवं नाव माझ्या सीनियरचं. त्याच माणसाने आदल्या आठवड्यात मला दोन तास एका पायावर उभं केलं होतं. ऑक्टोबरात मला मलेरिया झाला, तेव्हा रात्री एकला त्यानेच स्कूटरवर मध्ये बसवून, मागून दुसऱ्याला धरायला लावून दवाखान्यात नेलं आणि सकाळपर्यंत बाकड्यावर बसून राहिला. या दोन माणसांची बेरीज मला अजून करता आलेली नाही.

4. 'महाराष्ट्रवाले' हा एक गट नसतो.

गोंदिया, भंडारा, नागपूरच्या आम्हा पोरांना सगळे एका पोत्यात भरत. आम्हीही भरून घ्यायचो, कारण एकट्याने रांगेत उभं राहण्यापेक्षा ते बरं. पण वर्गात रायपूरच्याच तात्यापाऱ्यातला एक मराठी मुलगा होता. पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, "तू कुठला?" तो म्हणाला, "इथलाच. तुम्ही लोक आत्ता आले."

खरंच होतं. नागपूरच्या राजघराण्यातले बिंबाजी भोसले 1758 पासून छत्तीसगडचा कारभार पाहत होते, तेव्हापासून नागपूरकडची घरं इकडे येत राहिली. सहकारी चळवळ उभी करणाऱ्या वामनराव लाखेंच्या नावाने इथे लाखेनगर आहे. त्या मुलाची आई 'चिला' आणि 'धिरडं' हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरायची. रविवारी तिच्याकडे जेवायला जायचं तर एक नियम: एकटं जायचं नाही, नवीन पोराला सोबत न्यायचं. काकू दारातच मोजायच्या. कमी आलो तर रागवायच्या.

5. ग्रीक अक्षरं लावली तरी मामला तोच.

पुढे कामासाठी अमेरिकेत दीड वर्ष होतो. तिथल्या एका सहकाऱ्याने त्याच्या फ्रॅटर्निटीतल्या, म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाच्या विद्यार्थी-मंडळातल्या, 'बिग ब्रदर'बद्दल सांगितलं आणि त्या बिग ब्रदरचा बिग ब्रदर कोण, हेही. मी हसलो. सतरा नंबर! मग त्याने विचारलं, तुमच्याकडे नव्या पोरांना काय करायला लावत? मी विषय बदलला.

6. बघणाऱ्याचीही हजेरी लागते.

दुसऱ्या वर्षी मी सीनियर झालो. चहा पाजला, नोट्स दिल्या, आणि एका रात्री माझ्या सतरा नंबरला त्याच ट्यूबलाइटखाली उभं केलं. बेमेतराकडचा शांत मुलगा. मी मारलं नाही, शिवी दिली नाही. त्याचा इंट्रो फक्त अकरा वेळा म्हणायला लावला, कारण मित्र हसत होते. आठव्या वेळी तो वडिलांच्या नावाशी अडखळला. वडील त्याच उन्हाळ्यात गेले होते, हे मला नंतर कळलं. माफी मागायला खोलीवर गेलो तर तो म्हणाला, "ठीक है सर." 'सर' त्याने कधीच सोडलं नाही.

जानेवारीत पुस्तक त्याला दिलं. त्याने घेतलं, अभ्यासही त्यातूनच केला. तिसऱ्या वर्षी फेअरवेलच्या गडबडीत नव्या सतरा नंबरच्या टेबलावर ते दिसलं, म्हणून पहिलं पान उघडलं. सहावं नाव माझं. त्याखाली एका नावापुरती जागा कोरी, आणि मग नव्या पोराचं नाव.