रंगदृष्टी, रंगांधत्व आणि रंगसुधारक चष्मा : एक स्वानुभवाधिष्ठित अभ्यास

शाळेच्या स्मरणिकेसाठी 'विज्ञानविषयक एखादा लेख पाठवावा', असे पत्र माजी विद्यार्थी मंडळाकडून आले, तेव्हा वसतिगृहातील एक रात्र प्रथम आठवली. मी सातवीत होतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पूर्वसंध्येला सभागृहात पताका चिकटविण्याचे काम चालू होते. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि नारिंगी हा पंचरंगी ध्वजाचा क्रम मला तोंडपाठ होता. तरीही दिव्याच्या मंद उजेडात माझ्या हातून वीसएक पताकांत तांबड्याच्या जागी नारिंगी आणि नारिंगीच्या जागी तांबडा कागद लागला. सकाळी मुले हसली. गुरुजींनी हा हलगर्जीपणा मानला आणि मला पुन्हा सर्व पताका करावयास लावल्या. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण खरे कारण मलाही ठाऊक नव्हते. ते वयाच्या २१ व्या वर्षी, एका भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कळले. त्या दिवशी माझी निवड तर गेलीच, परंतु लहानपणीच्या अनेक चुकांचा उलगडाही झाला.

गेल्या वर्षी हा विषय घरात नव्याने उभा राहिला. भुसावळला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा दहावीत आहे. वडील रेल्वेत ट्रॅकमन असल्याने त्याचे बालपण रुळांच्या कडेला गेले, आणि लोको पायलट होण्याचे स्वप्न त्याने तिसरी-चौथीपासून जपले आहे. नेत्रतपासणीत तोही रंगांध निघाला. रंग दाखविणारे चष्मे मिळतात, ते घालून माणसे आनंदाने रडतात, अशा चित्रफिती त्याने मोबाइलवर पाहिल्या होत्या. बहीण मला म्हणाली, "दादा, आम्ही पैसे साठवले आहेत. चष्मा घेऊन देऊ का?" या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देणे मला योग्य वाटले नाही. म्हणून त्या प्रकारचा एक चष्मा प्रथम मीच घेतला आणि दोन महिने वापरून पाहिला. प्रस्तुत लेखात त्या प्रयोगाची हकीकत आणि त्यामागील विज्ञान मांडीत आहे.

रंग कसे दिसतात?

डोळ्याच्या दृष्टिपटलावर प्रकाश ग्रहण करणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी अंधूक प्रकाशात काम करतात. रंगांचे ज्ञान शंकुपेशींमुळे होते. शंकुपेशी तीन प्रकारच्या असून त्यांची संवेदनक्षमता अनुक्रमे सुमारे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. यांपैकी शेवटच्या दोन प्रकारांचे कार्यक्षेत्र एकमेकांवर बरेच पसरलेले असते. त्या दोहोंकडून येणाऱ्या संदेशांतील फरक मोजून मेंदू तांबडा आणि हिरवा वेगळा ओळखतो.

काही व्यक्तींत या दोहोंपैकी एक प्रकार मुळातच नसतो. त्याहून अधिक व्यक्तींत तो असतो, परंतु त्याची संवेदनक्षमता दुसऱ्याच्या अगदी जवळ सरकलेली असते. परिणामी दोन्ही पेशी जवळजवळ सारखाच संदेश पाठवितात, आणि तांबडा, हिरवा, तपकिरी, नारिंगी या रंगांतील भेद पुसट होतो. म्हणजे रंगांध मनुष्याला सारे काळेपांढरे दिसते, हा समज चुकीचा आहे. निळा आणि पिवळा मला उत्तम दिसतो. माझा घोटाळा होतो तो नकाशातील जंगलाचा हिरवा आणि पठाराचा तपकिरी यांत, किंवा प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलिनची फिकट गुलाबी छटा आली की नाही हे ठरविताना.

या दोषाचा पहिला काळजीपूर्वक अभ्यास करणारा स्वतः रंगांध होता. अणुसिद्धान्तामुळे आपण ज्यांना ओळखतो त्या जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये मँचेस्टर येथील विद्वत्सभेत आपल्या दृष्टीविषयी निबंध वाचला. जिरेनियमचे गुलाबी फूल त्यांना दिवसा आकाशी आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडे दिसे. त्यांच्या भावालाही तसेच दिसे. डोळ्यातील द्रव निळसर असल्यामुळे असे होत असावे, हे त्यांचे अनुमान होते. १८४४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर डोळे तपासले गेले, तेव्हा तो द्रव स्वच्छ निघाला. जतन केलेल्या त्याच डोळ्यांतील जनुकांची तपासणी १९९५ मध्ये झाली आणि मधल्या तरंगलांबीच्या शंकुपेशींचे रंगद्रव्य त्यांच्यात नव्हते, हे सिद्ध झाले. अनुमान चुकले, परंतु स्वतःच्या उणिवेची त्यांनी प्रांजळपणे केलेली नोंद दोनशे वर्षांनी उपयोगी पडली.

मामा आणि भाचा

तांबड्या-हिरव्या रंगांशी संबंधित जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एक्स गुणसूत्र केवळ आईकडून मिळते. म्हणून हा दोष वडिलांकडून मुलाकडे जात नाही. रंगांध पुरुषाच्या सर्व मुली वाहक होतात आणि त्यांच्या मुलांत तो उतरू शकतो. स्त्रियांना दोन एक्स गुणसूत्रे असल्याने त्यांच्यात हा दोष विरळा आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ८ टक्के पुरुष रंगांध आहेत, तर स्त्रियांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे.

आमच्या घरी माझी आई वाहक होती. तिच्याकडून तो दोष मला मिळाला आणि बहिणीच्या वाटेने भाच्यापर्यंत पोहोचला. हे समजल्यावर बहिणीला अपराधी वाटू लागले. त्यात तिचा किंवा आईचा कोणताही दोष नाही, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. या वारशाचा एक लाभ मात्र होता. जनुक एकच असल्यामुळे आम्हा दोघांच्या दोषाचा प्रकार सारखाच असणार, आणि माझ्यावर केलेला प्रयोग त्यालाही लागू पडणार होता.

चष्मा काय करतो?

रंगीत काचेचा उपाय नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एक काच तांबडी आणि एक हिरवी, अशी योजना सुचविली होती. आजचे चष्मे निराळ्या तत्त्वावर आहेत. अमेरिकेतील काचतज्ज्ञ डॉन मॅकफर्सन यांनी लेझर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांच्या रक्षणासाठी विशिष्ट काच तयार केली होती. खेळाच्या मैदानावर त्यांच्या एका रंगांध मित्राने तो चष्मा सहज डोळ्यांना लावला, तेव्हा गवतावरील नारिंगी शंकू त्याला प्रथमच ठळक दिसले. त्यातून पुढे २०१० मध्ये एन्क्रोमा ही कंपनी निघाली.

दोन शंकुपेशींची कार्यक्षेत्रे जिथे एकमेकांवर येतात, त्या पट्ट्यातील काही प्रकाश ही काच अडविते. संदिग्ध प्रकाश कमी झाल्याने दोन संदेशांतील फरक वाढतो आणि काही रंग एकमेकांपासून उठून दिसतात. यावरून तिची मर्यादाही ध्यानात येते. काच प्रकाश गाळू शकते, परंतु डोळ्यात नसलेले रंगद्रव्य निर्माण करू शकत नाही.

दोन महिन्यांचा प्रयोग

पहिल्या दिवशी मी चष्मा घालून अंगणात उभा राहिलो. रडू आले नाही. आकाश किंचित जांभळट आणि सारे जग जरा काळोखे वाटले. तीन-चार दिवसांनी, एप्रिलच्या उन्हात, मी शाळेच्या रस्त्याने चाललो होतो. फाटकाजवळचा गुलमोहर वाचकांच्या स्मरणात असेलच. विद्यार्थिदशेत सोबतचे मित्र 'गुलमोहर फुलला' म्हणून लांबून ओरडत, आणि मी झाडाखाली पडलेल्या पाकळ्या पाहून होकार देत असे. त्या दिवशी रस्त्याच्या वळणावरूनच हिरव्या पानांत काहीतरी निराळे, जणू पेटलेले, दिसले. चष्मा काढला, तर ते पानांत विरले. पुन्हा घातला, तर परत उमटले. मी तेथे बराच वेळ उभा होतो. हा आनंद खरा होता, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

त्यानंतर मोजमाप सुरू केले. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेले ठिपक्यांचे तक्ते सर्वपरिचित आहेत. चष्म्यासह मला दोन आकडे अधिक वाचता आले, परंतु आधी वाचता येणारा एक आकडा हरवला. चाचणीत मी दोन्ही वेळा अनुत्तीर्णच होतो.

दुसरी चाचणी लोकरीची. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये झालेल्या एका रेल्वे अपघातानंतर होल्मग्रेन या शास्त्रज्ञांनी रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी लोकरीच्या लडी निवडण्याची परीक्षा सुरू केली होती. बहिणीकडील उरलेल्या लोकरीच्या गुंड्यांवर भाच्याने आणि मी तीच परीक्षा घरी घेतली. चष्म्याविना आम्हा दोघांच्या ढिगांत तपकिरी आणि शेवाळी रंग एकत्र आले. चष्म्यासह ते वेगळे झाले, परंतु आधी वेगळे दिसणारे पोपटी आणि पिवळे गुंडे एकमेकांत मिसळले. ट्यूबलाइटच्या उजेडात उपयोग फारसा जाणवला नाही, आणि संध्याकाळी रस्त्यावर चष्मा काढूनच ठेवावा लागला.

संशोधनाशी हे निष्कर्ष जुळतात. स्पेनमधील ग्रॅनाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एन्क्रोमा चष्म्यांचा अभ्यास केला. या चष्म्यांमुळे रंगांचे दिसणे बदलते, परंतु दृष्टी सामान्य होत नाही आणि रंगदृष्टीच्या चाचण्या उत्तीर्ण होता येत नाहीत, असे त्यांना आढळले. दुसऱ्या बाजूस, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांच्या २०२० मधील अभ्यासात, शंकुपेशी सरकलेल्या प्रकारच्या व्यक्तींनी चष्मा अनेक दिवस वापरल्यावर त्यांची रंगभेदाची जाणीव चष्मा न घालताही वाढलेली दिसली. चष्मा सर्वस्वी निरुपयोगी नाही, आणि तो इलाजही नाही.

भाच्याला दिलेले उत्तर

लोको पायलटच्या पदासाठी रेल्वेचा ए-१ हा सर्वांत कडक वैद्यकीय वर्ग लागतो आणि त्यात रंगदृष्टीची चाचणी अनिवार्य आहे. रात्रीच्या पावसात दूरचा सिग्नल ओळखण्यावर शेकडो प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात. चष्म्याने तक्त्यावरचे दोन आकडे वाढले, म्हणून ही जबाबदारी घेता येणार नाही. हे सर्व मी भाच्याला समोर बसवून सांगितले. तो म्हणाला, "मामा, म्हणजे माझी रेल्वे गेली का?" पुढे दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही मिळून इतर वाटांची यादी केली. रेल्वेतील प्रत्येक पदाला ए-१ लागत नाही. लेखा आणि कार्यालयीन पदांचे वैद्यकीय निकष निराळे आहेत. रंगांध विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय प्रवेशाचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोकळा केला. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचे अभ्यासक्रमही २०२२ च्या निर्णयाने त्यांना खुले झाले. सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांना वाहनचालक परवाना देण्याची तरतूद २०२० मध्ये नियमांत करण्यात आली. चष्म्यासाठी साठविलेली रक्कम बहिणीने त्याच्या पुढील शिक्षणासाठी ठेवली आहे. माझा चष्मा त्याच्याकडे आहे. गुलमोहराच्या दिवसांत तो वापरतो.

पालक आणि शिक्षक बंधुभगिनींना विनंती

मूल चित्रातील पाने तपकिरी रंगवीत असेल, झाडावरचे पिकलेले फळ त्याला चटकन सापडत नसेल, तर रागावण्यापूर्वी त्याची रंगदृष्टी तपासून घ्यावी. तपासणीस काही मिनिटेच लागतात. खडूंच्या आणि रंगांच्या डब्यांवर रंगांची नावे लिहावीत. फळ्यावर केवळ तांबड्या-हिरव्या रंगाने भेद दाखवू नये. अधोरेखा किंवा अक्षरेही वापरावीत. ज्या मुलाच्या मामाला किंवा आईच्या वडिलांना हा दोष आहे, त्याची तपासणी अवश्य करावी आणि ती भरतीच्या वयापर्यंत लांबवू नये.

आपल्या वसतिगृहातील वार्षिक आरोग्य तपासणीत पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याची रंगदृष्टी तपासली जावी, असा प्रस्ताव मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. त्यासाठी लागणारी इशिहारा तक्त्यांची पुस्तिका या स्मरणिकेच्या प्रकाशनाच्या दिवशी शाळेस भेट देत आहे. पताकांचे कागद वाटण्याचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनीही प्रत्येक गठ्ठ्यावर रंगाचे नाव लिहून ठेवावे, एवढीच विनंती.