रात्रीची मासेमारी आणि तापीचे पात्र

मुलताई येथे उगम पावून खानदेशातून वाहत जाणारी तापी नदी सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्रास मिळते. सुरतेचा कतारगाम हा भाग याच नदीच्या काठी आहे. तेथील सिंगणपूर बंधाऱ्यामुळे वरच्या अंगास गोडे पाणी साठून राहते आणि खालच्या अंगास भरती-ओहोटीचे पाणी खेळते. बंधाऱ्यावरील रस्ता रांदेरला जोडलेला असून पावसाळ्यात पाण्याची पातळी ६ मीटरवर गेली की तो रहदारीस बंद होतो. अशा संथ, खोल व गढूळ पाण्यात शिंगाळा, पढीन, मागूर या जातींचे मासे राहतात. शास्त्रग्रंथांत त्यांना मार्जारमीन म्हटले आहे; मांजराशी त्यांचे साम्य मात्र मिशांपुरतेच आहे.

या माशांच्या अंगावर खवले नसतात. मिशांवर, किंबहुना सर्व त्वचेवर, चव ओळखणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. पाण्यातील सूक्ष्म विद्युत्‌स्पंदनेही त्यांना जाणवतात. डोळ्यांवर फारसे अवलंबून न राहता भक्ष्य शोधता येत असल्याने दिवसा ते खड्ड्यांत व कपारींत दडून राहतात आणि अंधार पडल्यावर उथळ पाण्याकडे येतात. कोळी बांधव रात्री गळ टाकतात त्याचे कारण हेच. आमिष तीव्र वासाचे व तळाशी टेकलेले असावे, ही त्यांची रीतही या शरीररचनेशी जुळते.

या माशाला पाण्यातील कंपने लवकर कळतात. होडीच्या तळावर वल्हे आपटले तरी तो दूर पळतो. म्हणून अरुंद व हलक्या नावेचा उपयोग होतो. उत्तर ध्रुवाजवळील इन्यूइट लोकांनी लाकडी वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून बनविलेली कयाक ही अशीच नाव होय. आज ती प्लॅस्टिकची बनते. तिचा आवाज अल्प, परंतु तोलही नाजूक. मोठा मासा एका बाजूने ओढू लागला असता उभे राहणे म्हणजे उलटण्यास निमंत्रण देणे होय. बसूनच नावेचे टोक माशाच्या दिशेने वळवावे व त्यास दमू द्यावे. तरंगजाकीट अंगात असावे, दिवा कपाळावर बांधावा, आणि दोरीचे टोक पायात गुंतू देऊ नये.

तापीवर याहून मोठा धोका वरून येतो. सुमारे १०० किलोमीटर अंतरावरील उकाई धरण १९७२ साली पूर्ण झाले. ऑगस्ट २००६ मध्ये तेथून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. एरवीचा विसर्ग त्याच्या मानाने किरकोळ असला तरी अंधारात चढणारे पाणी दिसत नाही, आणि भरलेल्या बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या पाण्याच्या खाली तयार होणारा भोवरा लहान नावेला सोडत नाही. यास्तव विसर्गाची सूचना असताना, तसेच बंधाऱ्याच्या निकट, कोणीही नाव घालू नये. मासेमारीच्या परवान्याविषयी स्थानिक मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधीच चौकशी करावी.

शिंगाळा नदीतळाशी खळगा करून अंडी घालतो, आणि पुष्कळ जातींचा विणीचा काळ पावसाळ्याच्या सुमारास येतो. त्या दिवसांत गाभोळी असलेली मादी पकडल्यास पुढील हंगामाची पिल्लेच नाहीशी होतात. पढीन हा मासा २०१९ पासून आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत असुरक्षित गणला गेला आहे, ही बाब शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. याउलट थाई मागूर हा आफ्रिकेतील जातीचा मासा स्थानिक मासे खातो. त्याच्या संवर्धनास भारतात २००० साली बंदी घातली गेली. गळाला तो लागल्यास पुन्हा नदीत सोडू नये.

मासा हाती घेताना पाठीवरील व कल्ल्यांमागील काट्यांपासून सावध असावे. हे काटे ताठ उभे राहून घट्ट बसतात. काटा रुतल्यास जखम स्वच्छ धुवावी, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि तुकडा आत राहिला असल्यास दवाखान्यात जावे. धनुर्वाताची लस घेतल्याला किती काळ झाला, हे डॉक्टरांस सांगावे.