आधी आठ पाकिटं

प्रश्न : माझ्या थालीपिठाच्या भाजणीचं सगळे कौतुक करतात. ती विकायचं दोन वर्षं मनात आहे. नाव ठरलंय, लेबलही काढलंय. पण पाऊल पुढे पडत नाही. काय करू?

उत्तर : ताई, लेबल आधी आणि भाजणी नंतर, इथेच गाडी अडली आहे. आजच एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नोंदणीसाठी ऑनलाइन अर्ज भरा. घरगुती व्यवसायालाही ती लागते. नोंदणी हाती आली, की येणाऱ्या रविवारी फक्त चार किलो भाजणी करा. धान्यं-डाळी वेगवेगळ्या भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच दळा, नाहीतर पिठात ओल धरते. अर्ध्या किलोची आठ पाकिटं होतील. सात विका. फुकट अजिबात वाटू नका! फुकटच्या खाण्याला कुणी नावं ठेवत नाही. पैसे मोजलेला माणूस मात्र धने जास्त झाले, हे तोंडावर सांगतो. आठवं पाकीट तारीख टाकून घरीच ठेवा. खवटपणा कधी येतो ते कळेल.

भाव काढताना गॅस, दळण, पाकीट आणि तुमचे तासही धरा. (तास धरायला बायका हमखास विसरतात.)

आठच पाकिटं कमी वाटली, तर हे आठवा : 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाची सुरुवात केली, तेव्हा पहिल्या दिवशी चारच पाकिटं झाली होती.

आणि ते लेबल टाकून देऊ नका. त्यावर नोंदणी क्रमांक, घटक, वजन आणि तारखेला जागा करा.